उघडी राहिलेली दांडी

लॉवेल हॅच माणूस वाईट नव्हता, पण पहिल्या भेटीत तसं कुणालाच वाटायचं नाही. आमच्या वाळवंटातल्या कॉपर बेंड पार्कात दर ऑक्टोबरला उत्तरेकडची म्हातारी जोडपी थंडी चुकवायला येतात. आपापली चाकांवरची घरं, म्हणजे ट्रेलर, ओढत आणतात, जागा पकडतात, खुर्च्या बाहेर मांडतात, आणि आठ-पंधरा दिवसांत कुणाच्या तरी संडासातून घाण वर यायला लागते. मग ती जोडपी माझ्या कचेरीत येतात, एकमेकांकडे न बघता. पार्काचा कारभार मी बघते, सतरा वर्षं झाली. अशी तोंडं मला दारातूनच ओळखू येतात. मी लॉवेलला फोन लावते.

तो त्याच्या छोट्या बॅटरीच्या गाडीतून यायचा, पाइप आणि बादल्या मागे बांधलेल्या. उतरायचा, जाड रबरी हातमोजे चढवायचा, ट्रेलरच्या पोटाखाली गुडघे टेकून बघायचा आणि मान वर न करता विचारायचा, "दांडी उघडी कोणी ठेवली?"

त्या दांडीचं असं आहे. या घरांत संडासाखाली एक टाकी असते. आम्ही तिला काळी टाकी म्हणतो. दांडी आत ढकललेली असली की टाकीचं तोंड बंद, बाहेर ओढली की उघडं. टाकी भरत आली की दांडी ओढायची, म्हणजे सगळं एका दमात पाइपातून खाली मोरीत जातं, आणि लगेच परत ढकलायची. नवीन माणसाला वाटतं, पाइप जोडलेलाच आहे तर दांडी कायमची उघडी ठेवू, रोज वाकायची कटकट नको. मग पाणी तेवढं निघून जातं आणि बाकीचं जागच्या जागी बसतं. थरावर थर चढतो. आमच्याकडच्या उन्हात त्याचा दगड होतो.

"कोणी ठेवली?" लॉवेल परत विचारायचा. जोडप्यातलं एक जण दुसऱ्याकडे बोट दाखवायचं. बहुतेक वेळा नवरा बायकोकडे.

"अहो, पण टाकी किती भरली ते दाखवणारा दिवा तर रिकामीच दाखवत होता," बायको म्हणायची.

"दिवा खोटं बोलतो, बाई. या धंद्यात दिव्यावर विश्वास ठेवणारा माणूस घाणीत बसतो. पुढच्या वेळी डोळ्यांनी बघा."

एवढं बोलून तो कामाला लागायचा. पाइपाला एक पारदर्शक तुकडा जोडायचा आणि त्यातून काय जातंय ते उकिडवा बसून बघत राहायचा. त्याचे नियम मोजके होते. पातळ कागदाशिवाय संडासात काही टाकायचं नाही. टाकी रिकामी केली की आत थोडं पाणी सोडायचं. आणि हातमोजे घातलेले हात तोंडाकडे न्यायचे नाहीत, नाक खाजलं तरी, माशी बसली तरी. ओठावर माशी बसलेली असताना तो एखाद्या नवख्याला झापतोय, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

रविवारी सगळे आपापलं जेवण घेऊन सभागृहात जमतात. तिथे लॉवेलच्या दोन्ही बाजूच्या खुर्च्या आधी रिकाम्या राहायच्या. तो घासून आंघोळ करून यायचा, तरी. मग त्याची बायको ऑर्फा स्वतःचं ताट घेऊन यायची, एका खुर्चीवर ती बसायची आणि दुसरीवर आपली रुबार्बच्या आंबट देठांची पाई ठेवायची. पाई हवी असेल त्याला लॉवेलच्या खांद्यावरून हात घालावा लागायचा. तिची पाई सगळ्यांनाच हवी असायची. हे तिनं मुद्दाम केलं की सहज, मी कधी विचारलं नाही.

ऑर्फा गेली ती गेल्याच्या गेल्या डिसेंबरात. हृदय थकलं होतं तिचं, पाय सुजायचे, पाणी उतरायच्या गोळ्या चालू होत्या. एका बुधवारी दुपारी चार वाजता ॲम्ब्युलन्स आली आणि गुरुवारी सकाळी जवळच्या यूमा शहरातल्या हॉस्पिटलातून लॉवेल एकटा परत आला. तिला उत्तर डकोटाला, त्यांच्या गावी पाठवलं. तोही गेला आणि पाचव्या दिवशी परत आला.

"पुरलं का?" मी विचारलं. मला असल्या वेळी गोड बोलता येत नाही.

"नाही. जमीन गोठलीय. मे महिन्यापर्यंत खोदता येत नाही. तोपर्यंत चर्चमागच्या कोठीत ठेवतात."

"तू तिथेच का नाही राहिलास?"

"कुठे? घर विकलं आम्ही सहा वर्षांपूर्वी." मग त्यानं भिंतीवरची यादी बघितली. "एकतीस नंबरवाल्यांचा फोन आला होता का? त्यांची टाकी तुंबणार आहे."

आणि तो कामाला गेला. मला वाटलं, एक-दोन आठवड्यांत कोसळेल. सगळ्या पार्कानं तयारी ठेवली होती. बायकांनी डबे नेऊन दिले, त्यानं ते खाल्ले, धुऊन परत केले, झाकणावर नाव असेल त्या दारात ठेवले. पुरुषांनी पत्ते खेळायला बोलावलं, तो गेला, खेळला, हरला. कुणी ऑर्फाचं नाव काढलं की तो म्हणायचा, "हो." पुढे काही नाही. नव्या लोकांना झापणंही त्यानं सोडलं. दांडी कोणी उघडी ठेवली हे विचारेनासा झाला. मख्खपणे यायचा, साफ करायचा, जायचा. खरं सांगायचं तर माझ्या डोक्यात जायला लागलं होतं ते. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

एक गोष्ट मात्र सगळ्यांच्या नजरेत आली. लॉवेल स्वतःचा संडास वापरत नव्हता. रोज सकाळी खांद्यावर टॉवेल टाकून पार्काच्या टोकाच्या सार्वजनिक न्हाणीघरात जायचा. तीनशे पावलं जायला, तीनशे यायला, बहात्तर वर्षांचा माणूस.

"त्याच्या टाकीत ऑर्फाचं शेवटचं आहे ना," समोरच्या जागेवरची हेस्टर मला म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "त्याला ते सोडवत नाही गं. केवढं प्रेम!"

"हेस्टर, ती संडासाची टाकी आहे," मी म्हटलं.

"तुला मन नाही, ट्वायला."

पण मलाही मनातून तसंच वाटत होतं, आणि जानेवारी-फेब्रुवारी मी गप्प बसले. मार्चमध्ये गप्प बसायची सोय राहिली नाही. पार्काचे मालक बदलले होते. नव्या मालकांचा माणूस मार्चच्या शेवटच्या शुक्रवारी प्रत्येक जागा बघणार होता. वीस वर्षांपेक्षा जुन्या ट्रेलरची टाकी त्याच्यासमोर वाहून दाखवायची. वाहिली नाही किंवा वास आला, तर जागा पुढच्या वर्षी मिळणार नाही. यादी मी करायची होती. लॉवेलचा ट्रेलर चौतीस वर्षांचा. त्याच्या दाराशी गेलं की वास यायला लागला होता, आणि आमच्याकडे मार्चमध्ये दुपारी बाहेर पत्रा हाताला चटका देतो. अजून पंधरा दिवस गेले असते तर टाकीच फोडून काढावी लागली असती. जागा गेली की त्याला जायला जगाच्या पाठीवर ठिकाण नव्हतं. एवढा जुना ट्रेलर दुसरं कुठलंही पार्क दारात उभा करून घेत नाही.

सोमवारी मी त्याच्याकडे गेले. तो बाहेर खुर्चीत बसून पाइपाचे रबर पुसत होता.

"शुक्रवारी माणूस येतोय," मी म्हटलं.

"माहीत आहे."

"मग?"

"बघू."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "बघू म्हणजे काय रे? दोनशे लोकांच्या टाक्या साफ करतोस आणि स्वतःच्या दारात वास येतो? तिची आठवण ठेवायची तर तिचा फोटो ठेव, तिची पाईची थाळी ठेव. हे असलं नको ठेवूस. नाहीतर मी दुसऱ्या कुणाला बोलावते, तो येऊन करेल."

"कुणी हात लावायचा नाही." तो ओरडला नाही. रबर खाली ठेवलं. "आठवणीचं काही नाही त्यात, ट्वायला. दांडी उघडी होती."

मला आधी कळलंच नाही. "कुठली दांडी?"

"माझी. नऊ दिवस उघडी होती."

मग त्यानं सांगितलं, एखादा आपल्या गाडीचा बिघाड सांगतो तसं. गोळ्यांमुळे ऑर्फाला दिवसरात्र उठावं लागायचं, टाकी आठवड्यातच भरायची. तो दिवसभर लोकांच्या टाक्या उपसून यायचा आणि संध्याकाळी परत स्वतःच्या ट्रेलरखाली गुडघे टेकायचा. ती खिडकीतून बघायची. एक दिवस तो कामावर असताना ती त्याचा कोट घालून, सुजलेल्या पायांनी बाहेर आली, आणि तिनं दांडी ओढून ठेवली. कायमची. त्याला वाकायला लागू नये म्हणून.

"आणि तुला नऊ दिवस कळलं नाही? तुला?"

"दिवा रिकामी टाकी दाखवत होता. मला वाटलं, दिवा बिघडला. सगळ्यांना मीच सांगतो ना, दिवा खोटं बोलतो. मी म्हटलं, आठवडा झाला, भरत आली असेल, बघू उद्या. दमलेला असायचो. नवव्या दिवशी दुपारी जेवायला आलो तर दांडी बाहेर ओढलेली."

त्यानं खाली ठेवलेलं रबर परत उचललं.

"मी ओरडलो तिच्यावर. दारात उभा राहून. चौकात ऐकू जाईल एवढ्यानं. म्हटलं, बावीस हिवाळे मी जगाला हेच शिकवतोय आणि माझ्याच घरात ही अक्कल? म्हटलं, तुझ्यापेक्षा आयोवाहून येणारी नवखी गाढवं बरी. ती म्हणाली, बरं, लॉवेल. आणि जाऊन पडली." त्यानं हात पुसले. "मी दांडी ढकलून बंद केली आणि न जेवता कामावर गेलो. चार वाजता हेस्टरचा फोन आला. हॉस्पिटलात ती बोलली नाही. नळ्या होत्या."

"लॉवेल."

"दांडीला हात लावला की तेवढंच ऐकू येतं. माझंच. दुसरं काही येत नाही मला, ट्वायला. लोक बघत असतात, कधी रडेल. येत नाही. इथे काही नाही." त्यानं छातीवर बोट टेकवलं.

मला हेस्टरचा राग आला, स्वतःचा आला, नव्या मालकांचा आला, आणि ऑर्फाचाही आला, तिनं मला एक फोन केला असता तर मी पाठवला असता कुणाला तरी. ती अशी उगाच भली होती. शेवटी मी म्हटलं, "आज सोमवार आहे. दगड झालेली टाकी मऊ व्हायला किती दिवस लागतात?"

"तीन."

"मग ऊठ."

तो उठला. एवढंच मी सांगते, त्यात माझं काही कौतुक नाही. तो माणूस कामाचं वाक्य ऐकलं की उठायचा.

टाकीत गळ्यापर्यंत पाणी भरलं, त्यात घाण मऊ करणारी किण्वाची पूड सोडली, आणि ते मुरायला ठेवलं. मंगळवारी अजून पूड. बुधवारी त्यानं संडासातून नळीला जोडलेली वाकडी पोकळ कांडी आत घालून पाण्याचा जोर मारला. थोडं हललं, फार नाही. गुरुवारी सकाळी तो म्हणाला, "बर्फ लागेल."

आमच्याकडे सगळे हे करतात, शास्त्र काय म्हणतं ते शास्त्राला ठाऊक. संडासातून टाकीत बर्फाचे खडे ओतायचे, अर्धी टाकी पाणी ठेवायचं, आणि अख्खं घर ट्रकला जोडून खडबडीत रस्त्यावर फिरवून आणायचं. खडे आत आपटत राहतात आणि चिकटलेलं निघतं. मी पेट्रोल पंपावरून चार पिशव्या आणल्या. लॉवेलचा ट्रेलर सहा वर्षं जागेवरून हलला नव्हता. चाकांत हवा भरली, खालचे टेकू काढले. कपाटांची दारं उघडू नयेत म्हणून चिकटपट्टी लावायला मी आत गेले. ऑर्फाचा कप अजून ओट्यावर उपडा होता. मी तो टॉवेलमध्ये गुंडाळून बेसिनमध्ये ठेवला.

आम्ही खजुराच्या बागांच्या बाजूनं कच्च्या रस्त्याला लागलो. मागून ट्रेलरचं धडधड ऐकू येत होतं, बर्फाचं काही नाही. लॉवेलनं दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं होतं. तो एकदाच बोलला.

"ऑर्फाला हा रस्ता आवडायचा नाही. म्हणायची, हाडं मोकळी होतात."

"होतात खरी."

"हो."

तासाभरानं परत आलो. त्यानं पाइप जोडला, पारदर्शक तुकडा लावला, हातमोजे घातले आणि ट्रेलरखाली गुडघे टेकले. समोर हेस्टर आणि तिचा नवरा उभे राहिले होते, मी त्यांना हातानं हाकललं. लॉवेलचा हात दांडीवर होता. तो किती वेळ तसाच बसला, मला माहीत नाही. मला पाठीवर ऊन लागायला लागलं एवढं आठवतंय. मग त्यानं ओढली.

सगळं आलं. पाणी, मग काळं, मग ढेकळं, मग परत पाणी. त्यानं पुन्हा भरली, पुन्हा सोडली. चारदा, पाचदा. सहाव्यांदा त्या तुकड्यातून स्वच्छ पाणी गेलं, पलीकडची जमीन दिसली. मी रडत होते. मला कुणी मन नाही म्हणो. लॉवेल बघत होता, कुणाच्याही टाकीकडे बघायचा तसाच.

"साफ झाली," तो म्हणाला. दांडी ढकलली, आत थोडं पाणी सोडलं, पाइप धुतला.

"काही वाटतंय का?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"नाही."

शुक्रवारी मालकांचा माणूस आला, त्यानं नाक वर करून वास घेतला, टाकी वाहताना बघितली, कागदावर खूण केली. जागा राहिली. मे महिन्यात लॉवेल डकोटाला जाऊन ऑर्फाला पुरून आला. परत आल्यावर मी विचारलं तर म्हणाला, जमीन मऊ होती. आमचा उन्हाळा त्यानं पत्र्याखाली काढला, कूलरसमोर. ऑक्टोबरात लोक आले आणि तो पुन्हा टाक्या साफ करायला लागला, तसाच मख्ख.

नोव्हेंबरात एका गुरुवारी अठरा नंबरवरून फोन आला. आयोवाचं जोडपं होतं, ड्वाइट आणि फर्न, पहिलाच हिवाळा. लॉवेलबरोबर मीही निघाले, कारण फोनवर मागे आरडाओरडा ऐकू येत होता. आम्ही पोचलो तेव्हा ड्वाइट ट्रेलरपाशी उभा होता, दांडी बाहेर ओढलेली, आणि फर्न पायरीवर, हात ॲप्रनमध्ये गुंडाळून.

"पुस्तकात लिहिलंय!" ड्वाइट ओरडत होता. "मी वाचून दाखवलं होतं तुला! चाळीस वर्षं एक गोष्ट धड ऐकली नाहीस. काय म्हणून हात लावलास?"

"तुमची कंबर दुखत होती म्हणून," फर्न म्हणाली. "मला वाटलं, वाकायला नको."

लॉवेलनं हातमोजे चढवले. ट्रेलरखाली गुडघे टेकले, बघितलं. मग मान वर केली, जी तो कधी करायचा नाही.

"दांडी मी उघडली होती," तो म्हणाला.

"काय?" ड्वाइट म्हणाला.

"मंगळवारी या रांगेचे पाइप तपासत होतो. उघडून बघितली आणि बंद करायला विसरलो. वय झालं माझं. यांनी काही केलेलं नाही."

फर्न त्याच्याकडे बघत राहिली. तिला माहीत होतं दांडी कोणी ओढली ते. ड्वाइटचा चेहरा उतरला. तो बायकोकडे वळला, तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणाला, मग म्हणाला, "आत चल, कॉफी करतो." ती उठली आणि दोघं आत गेले.

त्या मंगळवारी लॉवेल दिवसभर माझ्याबरोबर यूमाला होता. त्याची दाढ काढली होती.

आम्ही सामान आणायला गाडीत येऊन बसलो. त्यानं किल्ली फिरवली नाही. हातमोज्यातले दोन्ही हात गुडघ्यांवर उताणे ठेवून तो समोर बघत होता. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, नाकातूनही. खाली हनुवटीपर्यंत आलं. त्यानं हात उचलले नाहीत. तोंडाकडे न्यायचे नाहीत ना.

मी माझी बाही ओढून त्याचं तोंड पुसलं. परत पुसलं. बराच वेळ पुसत राहावं लागलं.

"आठ-नऊ दिवसांचं असेल," थोड्या वेळानं तो म्हणाला. "बर्फ लागेल. चार पिशव्या."